बागेचे आरक्षण आणि आपली सही



या सदरासाठी आमच्याकडे नुकतीच दोन पत्रे आली. एक शिरूरकडचे, एक दौंडकडचे. पत्रे लिहिणारी दोन्ही माणसे आपलीच, विषयही एकच. मागणी मात्र एकमेकांच्या उलट आहे.

शिरूरकडील दादा लिहितात, "आमच्या आजोबांच्या नावची वतनाची जमीन नगरपरिषदेच्या हद्दीत आली आणि आराखड्यात तिच्यावर बागेचे आरक्षण पडले. बाग काही झाली नाही, मोबदला मिळाला नाही आणि घर बांधायला परवानगीही मिळत नाही. आता एक गृहस्थ येऊन म्हणतात, तुम्ही फक्त कुलमुखत्यारपत्र द्या, आरक्षण उठवण्याचे आम्ही बघतो. आम्ही तीन भाऊ आणि दोन बहिणी. काय करावे?"

दौंडकडील ताई महिला मंडळाचे काम बघतात. त्या लिहितात, "आमच्या वस्तीजवळ बागेसाठी राखून ठेवलेली जागा आहे. झाडे चार-दोनच आहेत, पण पोरे तिथे खेळतात आणि बाया संध्याकाळी घटकाभर बसतात. त्या जागेवर इमारत बांधायची म्हणून 'आमची हरकत नाही' असा छापील कागद घरोघर फिरतो आहे. सही केली तर कोपऱ्यात विहार बांधून देऊ, असे तोंडी सांगतात. आमच्यात दोन तट पडले आहेत. सही करावी की नाही?"

पहिले घर आपले, दुसरी वस्तीही आपली. दादांची बाजू घेतली तर ताईंच्या पोरांची बाग जाते आणि ताईंची बाजू घेतली तर दादांचे घर अडते, असे वरवर दिसते. तसे ते खरोखर आहे काय, हेच आज बघू.

प्रथम कागद समजून घेऊ. गावाचा विकास आराखडा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली होतो. शिरूर आणि दौंड या दोन्ही ठिकाणी नगरपरिषद आहे आणि आपल्या हद्दीत नियोजनाचा अधिकार तिचा. नकाशात हिरवा रंग दिसला की आपण त्याला सरसकट 'ग्रीन झोन' म्हणतो. त्या हिरव्या रंगात निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली, बाग किंवा क्रीडांगणाचे आरक्षण. म्हणजे ही जागा पुढे नगरपरिषदेने ताब्यात घेऊन लोकांसाठी वापरायची आहे. दुसरी, शेती किंवा हरित विभाग. इथे जमीन मालकाचीच राहते, फक्त बांधकामावर कडक मर्यादा असते. तिसरी, लेआउटमधील खुली जागा. प्लॉट पाडून विकणाऱ्याने रहिवाशांसाठी ती सोडलेली असते. याशिवाय शिरूरला घोडनदी आणि दौंडला भीमा असल्यामुळे पूररेषेचा प्रश्न येतो. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, तर निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध आहेत.

आपली जागा यांपैकी कशात बसते, हे कळल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नये. त्यासाठी नगरपरिषदेत अर्ज देऊन झोन दाखला आणि भाग नकाशा मागावा. तोंडी माहितीवर विसंबू नये. तोंडी माहिती देणाऱ्याची पुढे बदली होते, आपला सात-बारा मात्र जागेवरच राहतो.

आता परवानगीकडे वळू. बांधकामाच्या परवानगीचा अर्ज या कायद्याच्या कलम ४४ खाली होतो. कलम ४६ सांगते की परवानगी देताना आराखडा डोळ्यासमोर ठेवला पाहिजे. म्हणजे जागेवर बागेचे आरक्षण असेल तर तिथे घरांना किंवा दुकानांना परवानगी देणे मुख्याधिकाऱ्यांच्या मर्जीवर नाही. आधी आराखडा बदलला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी असेही सांगतात की अर्ज देऊन साठ दिवस झाले आणि उत्तर आले नाही, तर परवानगी मिळाली असे समजायचे. कलम ४५ मध्ये साठ दिवसांची तरतूद आहे, हे खरे. पण ती आराखड्याला आणि नियमांना धरून असलेल्या बांधकामापुरतीच आहे. बागेच्या जागेवर साठ दिवस मोजून बांधलेली भिंत अनधिकृतच ठरते. परवानगी नाकारली गेली तर अर्जदाराला कलम ४७ खाली चाळीस दिवसांत शासनाकडे अपील करता येते.

आराखडा बदलण्याचा रस्ता कलम ३७ चा. नगरपरिषदेच्या सभेत ठराव होतो. मग जाहीर नोटीस निघते, एक महिना हरकती-सूचना मागवल्या जातात, आणि शेवटी मंजुरी राज्य शासन देते. आराखड्याचे मूळ स्वरूप बदलणार नाही, एवढाच फेरबदल या कलमाने करता येतो. ताईंच्या वस्तीत फिरणाऱ्या कागदाचे मोल इथे कळते. हरकतीच्या महिन्यात एकही हरकत आली नाही आणि उलट शंभर घरांनी 'हरकत नाही' लिहून दिले, तर फाइलवर टिपणी काय पडेल? 'स्थानिक रहिवाशांची संमती आहे.' आम्ही कारकून माणसे. त्या एका ओळीत किती बळ असते, ते आम्हाला ठाऊक आहे. तोंडी कबूल केलेल्या विहाराबद्दल त्या फाइलमध्ये अक्षरही नसते.

आरक्षण जाण्याचा दुसरा रस्ता अधिक शांत आहे. आराखडा अमलात येऊन दहा वर्षे झाली आणि जागा संपादन झाली नाही, तर जमीनमालक मालकीच्या कागदांसह कलम १२७ ची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाचे पाऊल पडले नाही तर आरक्षण आपोआप संपते. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, पुढे ती बारा झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. आता कार्यालयातला प्रकार पाहा. नोटीस येते, आवक बारनिशीत तिला नंबर पडतो, आणि ती एका टेबलावर झोपते. मग घाईघाईने जिल्हाधिकाऱ्यांना एक पत्र जाते की संपादन करावे. गिरनार ट्रेडर्सच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २००७ साली सांगितले की नुसते असे पत्र पाठवणे म्हणजे संपादनाचे पाऊल नव्हे. अशा रीतीने कोणी ठराव न करता, कोणी मतदान न करता गावाची बाग जाऊ शकते. कोणी काही न करणे एवढेच त्याला पुरते.

पण ज्याची जमीन वर्षानुवर्षे अडकली, त्याचे काय? दादांची तक्रार खोटी नाही. आपल्या समाजाच्या जमिनीचा इतिहासच असा आहे. महार वतन म्हणजे गावाची रात्रंदिवस सेवा आणि बदल्यात जमिनीचा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते ही वेठ संपावी म्हणून. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने संपली आणि जमिनी पुन्हा वतनदारांच्या नावे झाल्या. मात्र त्या नव्या शर्तीच्या, म्हणजे भोगवटादार वर्ग दोनच्या राहिल्या. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि नजराणा यांशिवाय त्या हस्तांतरित करता येत नाहीत. ही अट जाचक वाटते, पण गरिबाची जमीन फसवून लाटली जाऊ नये म्हणून घातलेली ती कडीही आहे.

शिरूर तालुक्यात रांजणगावची आणि दौंड तालुक्यात कुरकुंभची औद्योगिक वसाहत झाल्यापासून जमिनीला भाव आला. ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून बघत नव्हते, तिच्या बांधावर आता चारचाकी उभ्या राहतात. पुण्याच्या मुंढव्यातील महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या खरेदीखताचा वाद २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये राज्यभर गाजला. ती जमीन भारतीय वनस्पती सर्वेक्षण या केंद्रीय संस्थेकडे भाडेपट्ट्याने होती. त्या प्रकरणात शिरण्याचे आम्हाला कारण नाही. आपण एवढेच शिकावे की वतनाची जमीन आणि हिरवी जागा जिथे एकत्र येतात, तिथे कुलमुखत्यारपत्र ही सर्वांत मोठी जोखीम असते. 'हिरव्यात आहे, किंमत नाही,' असे सांगून आपल्याकडून पडत्या भावात सही घ्यायची आणि सही झाली की तीच जमीन हिरव्यातून काढायला निघायचे, ही या धंद्याची जुनी रीत आहे. जमिनीला किंमत नसती तर तो गृहस्थ आपल्या दारात कशाला आला असता?

कोर्टाने अशा जागांबद्दल काय म्हटले, तेही वाचकांना माहीत असावे. बेंगलोरच्या राजमहल विलास एक्स्टेन्शनमधील बागेची जागा एका वैद्यकीय ट्रस्टला खासगी रुग्णालयासाठी दिली गेली होती. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ साली सुप्रीम कोर्टाने ते वाटप बेकायदा ठरवले. रुग्णालय ही चांगली गोष्ट आहे, पण ती बागेच्या जागेवर आणता येणार नाही, असा त्या निकालाचा सारांश. मोकळी जागा ही शहराच्या आरोग्याची गरज आहे आणि सरकारी मर्जीने ती खासगी हातात देता येत नाही, हे तिथे पक्के झाले.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. प्रभात रस्ता भागातील एक भूखंड प्राथमिक शाळेसाठी आरक्षित होता. ते आरक्षण हलवून तिथे राहण्याची इमारत बांधायला परवानगी दिली गेली, आणि ती परवानगी मिळवणारे सत्तेच्या अगदी जवळचे होते. मार्च १९९९ मध्ये मुंबई हायकोर्टाने ती परवानगी रद्द केली. ऑक्टोबर २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने हायकोर्टाचा निकाल उचलून धरला. मजले चढले होते, तरी कोर्ट म्हणाले की आरक्षण लोकांसाठी असते. शाळेचे आरक्षण असो की बागेचे, ज्याच्याकडे खासगी शाळेची फी नाही आणि ज्याच्या घराला अंगण नाही, त्याच्याच ते अधिक कामाचे असते.

पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण जरा कडू आहे. १९९७ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. त्यांच्या टेकड्यांवर 'जैववैविध्य उद्यान' म्हणून सुमारे ९७६ हेक्टरचे आरक्षण सुचवले गेले आणि २०१५ मध्ये शासनाने ते कायम केले. मधल्या काळात काय झाले? टेकडीच्या उतारावर नोटरीच्या स्टॅम्पपेपरवर गुंठा-गुंठा विकला गेला. विकणारा पैसे घेऊन मोकळा झाला. घेणारा होता रिक्षावाला, गवंडी, धुणीभांडी करणारी बाई. त्याला परवानगी नाही आणि डोक्यावर पाडकामाची टांगती तलवार. हिरव्या जागेवरच्या बेकायदा व्यवहारात शेवटी उघडा पडतो तो सर्वांत गरीब माणूस. शिरूर-दौंडच्या आसपास असा स्वस्त गुंठा कोणी दाखवला तर हे ध्यानात ठेवा.

आता एक नाजूक गोष्ट. बागेच्या जागेवर विहार मिळत असेल तर सही करायला काय हरकत, असे आपल्यातल्याच काही बांधवांना वाटते. त्यांची श्रद्धा आम्ही जाणतो. पण आम्ही स्पष्ट लिहितो, अशी सही करू नये. पहिले कारण कायद्याचे. परवानगीशिवाय बागेच्या कोपऱ्यात उभी केलेली वास्तू कधीही अनधिकृत ठरू शकते. मग भगवंतांची मूर्ती आत आणि नोटीस दारावर, अशी विटंबना आपण स्वतःच ओढवून घेऊ. दुसरे कारण धम्माचे. सिद्धार्थ गौतमांचा जन्म लुंबिनीच्या वनात झाला. संबोधी लाभली ती पिंपळाखाली, पहिले प्रवचन झाले ते सारनाथच्या मृगदायात, महापरिनिर्वाण कुशीनाऱ्याच्या शालवृक्षांखाली. बिंबिसार राजाने संघाला दिले ते वेळुवन, आणि अनाथपिंडिकाने दिले ते जेतवन. अशोकाने रस्त्याच्या कडेने वडाची झाडे लावल्याचे शिलास्तंभावर कोरून ठेवले. ज्या धम्माची सारी मोठी पाने झाडाखाली लिहिली गेली, त्याचे विहार पोरांच्या बागेच्या बदल्यात उभे राहू नये. विहार जरूर हवे. त्यासाठी सार्वजनिक वापराच्या विभागात जागा मागू, रीतसर नकाशा मंजूर करून घेऊ आणि वर्गणी काढू.

तर दादांना आमचे सांगणे असे. कुलमुखत्यारपत्र देऊ नका, विसार पावतीही करू नका. आधी सात-बारा, फेरफार आणि वतन पुनर्प्रदानाचा आदेश काढा. वारसनोंदी पुऱ्या करा. त्यात दोन्ही बहिणींची नावे लावा. हक्कसोडपत्रावर त्यांची सही घाईने घेऊ नका, जमीन जितकी तुमची तितकीच त्यांची आहे. मग झोन दाखला घेऊन आराखड्याची तारीख बघा. दहा वर्षे झाली असतील तर वकिलाकडून कलम १२७ ची नोटीस स्वतःच्या नावाने द्या आणि पोच घ्या. नोटिशीत लिहा की आमचा बागेला विरोध नाही, आम्हाला मोबदला हवा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी हद्दीत बाजारभाव आणि त्यावर तितकाच दिलासा, म्हणजे साधारण दुप्पट रक्कम मिळते. रोख पैशाऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला, तर आपल्या गावात त्या कागदाला गिऱ्हाईक आहे का, ते आधी तपासा. जमीन वर्ग दोनची म्हणून नजराण्याची कपात सांगतील, तिचाही हिशोब लेखी मागा.

आणि ताईंना आमचे सांगणे असे. सही करू नका. ज्यांनी केली असेल त्यांनी ती मागे घेत असल्याचे लेखी कळवावे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून दीडशे शब्दांच्या आत अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेवढेही शुल्क नाही. विचारा की या जागेवर कोणते आरक्षण आहे, कलम ३७ चा ठराव झाला आहे का, कलम १२७ ची नोटीस आली आहे का आणि आली असल्यास तिची आवक तारीख काय. तीस दिवसांत उत्तर आले पाहिजे. नोटीस आली असेल तर त्या तारखेपासून २४ महिने मोजा आणि तेवढ्या अवधीत अंदाजपत्रकात संपादनासाठी तरतूद करा, अशी मागणी लावून धरा. जागेवर झाडे असतील तर १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदाही नगरपरिषदेला लागू आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्षाचा मान आहे.

आता दोन्ही पत्रे शेजारी ठेवून पाहा. दादांना हवा मोबदला आणि ताईंना हवी बाग. नगरपरिषदेने रीतसर संपादन केले तर दोघांचेही काम होते. तिने हातावर हात ठेवले, तर फायदा त्या मधल्या गृहस्थाचा होतो. भाऊ विरुद्ध बहीण, वस्ती विरुद्ध जमीनमालक असे आपले भांडण लागले की त्याचे काम सोपे होते. म्हणून दोन्ही गावांत जमीनमालक आणि वस्ती यांनी एका सतरंजीवर बसावे आणि एकाच अर्जावर दोन मागण्या लिहाव्यात. मालकाला मोबदला द्या आणि लोकांना बाग द्या.

कोणी म्हणेल, नगरपरिषदेकडे पैसा कुठे आहे? त्याचे उत्तर नगरसेवकांनी द्यावे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची आली आणि बागा, क्रीडांगणे पुरवणे हे नगरपालिकांच्या कामांत लिहिले गेले. बराच काळ प्रशासकांच्या हाती कारभार राहिल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये पुणे जिल्ह्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. आता विचारायला माणसे आहेत. राखीव जागांवरून निवडून आलेली आपली माणसेही आहेत. कलम ३७ चा ठराव सभेपुढे आला तर त्यांचा हात कुठे वर जातो, हे गॅलरीत बसून बघा.

नगरपालिकेच्या ठरावाची किंमत आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. तळे खुले झाले ते कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा त्या कागदाला अर्थ आला. त्याच वर्षी नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला आणि हक्काचा निकाल हायकोर्टात लागायला १९३७ साल उजाडले. सार्वजनिक जागेवरचा आपला हक्क कोणी दान म्हणून दिलेला नाही. त्या हक्काच्या जागेपुढे 'हरकत नाही' असे लिहून देताना एवढी आठवण ठेवावी.

ज्या शिरूरहून ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री आपल्या पूर्वजांची तुकडी कोरेगावकडे चालत निघाली, त्या शिरूरच्या माणसाला नगरपरिषदेच्या सूचना फलकापर्यंत चालत जाणे जड नाही. आठवड्यातून एकदा तो फलक वाचा. सभेची विषयपत्रिका मागा. नोटीस निघाली की महिन्याच्या आत हरकत द्या आणि पोच जपून ठेवा. शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा या उपदेशात वाचता येणे, एकत्र बसणे आणि वेळेवर अर्ज देणे हे सारे आलेच.

शिरूरच्या दादांनी आणि दौंडच्या ताईंनी पुढे काय झाले ते जरूर कळवावे. इतर वाचकांच्या गावी असे आरक्षण असेल तर त्यांनीही झोन दाखल्याची प्रत काढून ठेवावी.

नमो बुद्धाय! जयभीम!